हरवलेला माणूस कुणाच्या हद्दीतला?

दूधगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढूलोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा चुलता, आम्ही पोरं त्याला आण्णा म्हणायचो, २००१ च्या पावसाळ्यात हरवला. आमचं गाव बोरगावजवळ. तेव्हा तालुका चिकोडी होता, आता निपाणी. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. आण्णा इचलकरंजीत कापडाच्या मागावर कामाला होता. म्हणजे जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. मधलं अंतर म्हणाल तर सायकलनं जाण्याइतकं. आठवड्याचा पगार घेऊन सुट्टीला घरी यायचा, येताना पोरीला फुटाण्याची पुडी. त्या आठवड्याला आला नाही, पुढच्याही नाही.

वडील सायकल मारत कारखान्यावर गेले. मालक म्हणाला, पगार घेऊन गावाकडंच गेला की. तिथल्या पोलिसांनी सांगितलं, माणूस तुमचा कर्नाटकातला, निघाला घराकडं, म्हणजे हरवला तिकडं. तिकडं जाऊन द्या. आमच्याकडं सांगितलं, ‘नम्म लिमिट अल्ल री’, म्हणजे आमची हद्द नव्हे, शेवटचा दिसला इचलकरंजीत, तिकडं द्या. असं करत सतरा दिवस गेले. शेवटी गावातल्या एका मोठ्या माणसाच्या शब्दावर आमच्याकडं तक्रार घेतली. कन्नडात लिहिली, आज्जीचा अंगठा घेतला. आज्जीला बाजारापुरतं कन्नड यायचं, कागदाचं नाही.

आता हे सगळं आत्ता का काढलं, तर दोन कारणं. एक, आण्णाच्या पोरीचं लग्न ठरलंय. बाप हरवला तेव्हा दीड वर्षाची होती. निपाणीत पत्रिका छापायला टाकली तर प्रेसवाल्यानं सरळ विचारलं, ‘वडिलांच्या नावामागं श्री. लावू का कै.?’ आम्ही तिघं दुकानात उभे, कुणालाच बोलता येईना.

दुसरं असं. आज्जीचं वर्षश्राद्ध झाल्यावर तिची ट्रंक उघडली. तळाला प्लास्टिकच्या पिशवीत त्या तक्रारीची प्रत होती. शाळेतल्या कन्नडच्या सरांकडून वाचून घेतली. त्यात लिहिलंय की, घरगुती भांडणातून रागानं घर सोडून निघून गेला. असं आमच्यातलं कुणीही म्हटलं नव्हतं. भांडण झालंच नव्हतं, तो तर घरी येत होता. चोवीस वर्षं काकूनं गावात ‘नवरा सोडून गेलेली’ म्हणून ऐकून घेतलं. ते कुठनं आलं ते आता कळतंय.

चोवीस वर्षांनी कुठं आणि काय विचारायचं? कुणाला माहीत असेल तर सांगा.

कॅम्पातला

वाचून वाईट वाटलं, खरं आश्चर्य वाटलं नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. एक नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळायचा, त्यांनी राज्योत्सव करायचा आणि मराठी माणसानं न कळणाऱ्या कागदावर अंगठा द्यायचा. सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात असती तर ही वेळ आली नसती.

जुना_हवालदार

कॅम्पातले भाऊ, राग मान्य. खरं ह्यांना हाकलून दिलं ते इचलकरंजीत, आणि तिथं ठाणं मराठीच होतं की. हद्दीचा खेळ दोन्हीकडं सारखाच चालतो. मी महाराष्ट्र पोलिसांत तीस वर्षं काढली. त्यातली बरीच ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर, म्हणून सांगतो. लोक परत पाठवणाऱ्यांत मीही होतो.

धागाकर्ते, तुम्ही ‘मिसिंग’ शोधायला जाऊ नका. तुमची मिसिंग तिकडं दाखलच नाही. तिकडं सापडलंच तर ‘अकस्मात मयत’मध्ये सापडेल. बेवारस प्रेत मिळालं की आमच्याकडं अ.म. नंबर पडतो, कर्नाटकात त्यालाच ‘यूडीआर’ म्हणतात. दोन राज्यांत दोन नावं, दोन रजिस्टरं. हरवलेल्याची यादी एकीकडं, सापडलेल्याची दुसरीकडं, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघणं हे कुणाच्याच ड्युटीत लिहिलेलं नाही. आता सीसीटीएनएस म्हणजे पोलिसांचं संगणकाचं जाळं आहे, ठाणी जोडलेली आहेत. २००१ मध्ये बिनतारी संदेश जायचा, आणि तो कुठंपर्यंत पाठवायचा हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात जेवढा नकाशा असेल त्यावर.

ठाण्यातले जुने कागद बहुतेक नाश केलेले असतील. तरी तीन ठिकाणं बघा. अ.म.ची चौकशी संपली की कागद मंजुरीला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं जातात, म्हणजे तहसील किंवा प्रांत कार्यालय. दुसरं, ज्या दवाखान्यात पोस्टमार्टेम झालं तिथलं रजिस्टर. तिसरं आणि सगळ्यात पक्कं, ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिकेचं मृत्यूचं रजिस्टर. तिथं ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे अमुक’ अशी ओळ असते. ते रजिस्टर कुणी फाडत नाही.

पावसाळा म्हणताय म्हणून एक विचारतो. नदीकडनं बघितलंय का? इचलकरंजीला पंचगंगा आहे. पंचगंगा शिरोळ तालुक्यात नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, पुढं राजापूरचा बंधारा, आणि त्याच्या पुढं पाणी कर्नाटकात. त्या पट्ट्यातल्या गावांची रजिस्टरं बघा, दोन्ही तीरांवरची. मनाला लावून घेऊ नका, विचारायला पाहिजे म्हणून विचारलं.

चंदगडी

धाग्याला धरून आहे की नाही माहीत नाही, खरं राहवत नाही. आमच्याकडं घरटी एक माणूस मराठा पलटणीत, बेळगावच्या सेंटरवरनं गेलेला. आजोबांच्या बरोबरीचा एक गडी १९७१ ला परत आला नाही. घरी कागद आला, त्यात ‘बेपत्ता, मृत समजावा’ अशा अर्थाचं लिहिलेलं. त्याची आई मरेपर्यंत ‘समजावा’ ह्या शब्दावर अडून बसली होती. मेला असेल तर मेला लिहा, समजायला कशाला सांगताय, म्हणायची.

त्या लढाईनंतर पाकिस्तानचे ९३,००० युद्धकैदी आपण परत पाठवले. आपले ५४ जण मात्र तिकडच्या तुरुंगांत राहिले असं त्यांच्या घरचे आजही सांगतात. सरकारच्या यादीत ते धरून ८३ जवान बेपत्ता आहेत. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडं कुणीच नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ह्यांचं विमान ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटवर पडलं. पकडलेल्या वैमानिकांत त्यांचं नाव तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेव्हापासून त्या मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतायत. २००७ मध्ये चौदा नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग बघायला नेलं. हाताला काही लागलं नाही.

दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, २००८ च्या करारानुसार. देशादेशांत वैर असून वर्षातनं दोनदा यादी जाते. मग चिकोडी आणि शिरोळ तालुक्यात का जात नव्हती, एवढंच मला विचारायचंय.

काळा_कोट

मी चिकोडी कोर्टात वकिली करते. थोडं कायद्याचं, मग तुम्ही ठरवा.

‘झिरो एफआयआर’ सगळ्यांनी ऐकलंय. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय, हद्द कुठलीही असो, माहिती घ्यायचीच. गोम अशी आहे की हे दखलपात्र गुन्ह्याला लागू. मोठा माणूस नुसता घरी आला नाही, हा गुन्हा नाही. लहान मूल हरवलं तर अपहरण धरूनच चाला, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं. तीस वर्षांच्या मागकामगारासाठी तसं कुणी सांगितलेलं नाही.

पत्रिकेच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर असं. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी, जिवंत म्हणणाऱ्यावर. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं १११. दिवाणी कोर्टात दावा लावला की मृत्यू गृहीत धरल्याचा हुकूम मिळतो. काकूंचं विधवा वेतन, जमिनीची वारसनोंद, सगळं त्यावर होईल. २००८ सालीच करता आलं असतं. पण तारीख कोर्ट धरत नाही. कधी मेला हे ज्याला सांगायचंय त्यानं पुराव्यानं सांगावं, असा २००४ चा निकाल आहे.

म्हणजे ‘कै.’ लावण्यापुरता कागद मी तुम्हाला काढून देऊ शकते. काय झालं ते त्या कागदात नसेल.

हेबियस कॉर्पस कुणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच लिहिते. आपल्याकडं धारवाड खंडपीठ आहे, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालंय. पण ती याचिका कुणीतरी माणूस डांबून ठेवलाय असं दाखवता आलं तर. इथं कुणाविरुद्ध लावणार?

तक्रारीत जे खोटं लिहिलंय त्यावर मात्र लेखी अर्ज द्याच. दुरुस्ती होवो न होवो, तुमचं म्हणणं त्या फाइलीत जाऊदे.

मुक्काम_पोस्ट

मी मूळचा शहापूरचा (बेळगावचं शहापूर), आता नोकरीनिमित्त परदेशात. दक्षिण अमेरिकेत तीन वर्षं काढली, तिथलं सांगतो.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्कराची सत्ता होती. माणसं घरातून उचलून नेली जात. आयांनी ठाण्याचे दरवाजे झिजवले, आणि ३० एप्रिल १९७७ पासून राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात जमायला लागल्या. घोळक्यानं उभं राहायला बंदी होती, म्हणून चालायच्या. डोक्याला पांढरं फडकं, सुरुवातीला तर बाळाचं लंगोटाचं कापड. आजही दर गुरुवारी चालतात. मी पाहिल्यात, ऐंशीच्या पुढच्या बायका.

ह्या धाग्याला लागू पडतं ते पुढचं. चिली, उरुग्वे, पराग्वे, बोलिव्हिया, ब्राझील आणि अर्जेंटिना, इथल्या हुकूमशहांनी १९७५ पासून आपापसात संधान बांधलं होतं. इकडचा माणूस उचलून तिकडं न्यायचा, मग दोन्हीकडं उत्तर एकच, आमच्याकडं नाही. हुआन गेल्मन नावाच्या कवीची गरोदर सून १९७६ मध्ये ब्यूनोस आयर्समधून उचलली आणि नदीपलीकडं उरुग्वेत नेली. तिथं ती बाळंत झाली. नात आजोबाला सापडली २००० साली, तेवीस वर्षांची. सुनेचं काय झालं ते मिळालं नाही. त्यावर आंतर-अमेरिकी न्यायालयानं २०११ मध्ये उरुग्वेला दोषी धरलं.

अशी नातवंडं शोधणाऱ्या अर्जेंटिनातल्या आज्यांनी शास्त्रज्ञांना विचारलं होतं, आईबापच नाहीत, तर आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का? त्यातून पद्धत तयार झाली, १९८७ मध्ये कायद्यानं डीएनएची बँक झाली. धागाकर्ते, तुमच्याकडं तर मुलगी आहे आणि सख्खा भाऊ आहे. ह्याहून चांगले नमुने नसतात.

काळा_कोट

मुक्काम_पोस्ट, नमुने आहेत, पण ते ताडून बघायचे कशाशी? आपल्याकडं डीएनए विधेयकात ‘हरवलेल्या व्यक्तीं’ची वेगळी सूची होती. २०१९ मध्ये लोकसभेत आलं, जुलै २०२३ मध्ये मागं घेतलं. खाजगीपणाचे आक्षेप होते आणि त्यातले काही मलाही पटतात. पण सूची राहिली ती राहिलीच.

आणि तुमच्या उदाहरणात सरकारनं माणूस पळवला. सक्तीनं बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं २००७ मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. पण ती गोष्ट वेगळी, आण्णांची वेगळी. इथं कुणी पळवलं असं आज तरी दिसत नाही. एकत्र कालवू नये.

चंदगडी

खरं घरात बसलेल्या बाईला काय फरक पडतो, पळवला का हरवला?

काळा_कोट

न्याय कुणाकडं मागायचा, ह्यात पडतो.

चोर्ल्याचा_वळसा

खानापूर तालुक्यातनं गोव्याला गेलेल्यांची मोजदाद कोण करतंय? गवंडी, बेकरी, हॉटेल, मच्छीच्या होड्या. मुकादम नावानं ओळखत नाही, ‘बेळगावचा’ म्हणतो. तिथं काही झालं तर बेळगावचा मेला, एवढंच कळतं. तिसरं राज्यही धाग्यात असूदे.

शेणोलीकर

मला मोसूल आठवतं. इराकात जून २०१४ मध्ये चाळीस भारतीय मजूर पकडले गेले, एक निसटून आला. बाकी सगळे मारले, असं तो आल्यापासून सांगत होता. जिवंत असल्याची माहिती आहे, असं घरच्यांना सरकार सांगत राहिलं. २० मार्च २०१८ ला राज्यसभेत ३९ जण मेल्याचं जाहीर झालं आणि बऱ्याच घरांना ते टीव्हीवर कळलं. बादूशच्या एका टेकाडाखाली पुरले होते. कशावरनं ओळखलं? लांब केस, हातातलं कडं, तिथले नसलेले बूट. मग घरच्यांच्या रक्ताशी डीएनए ताडला.

कडं आणि बूट. पावणेचार वर्षं दोन सरकारं बोलत होती, आणि शेवटी कामाला ह्या वस्तू आल्या. आण्णांच्या अंगावर काय होतं, कुणाला आठवतं का?

गुरवांचा_नातू

शास्त्रात ह्याची सोय आहे. बारा वर्षं खबर नसेल तर पालाशविधी करतात. पळसाच्या ३६० देठांची माणसाची आकृती, डोक्याच्या जागी नारळ, तिला अग्नी द्यायचा. मग सुतक, दहावा, तेरावा सगळं रीतसर. आजोबांनी दोनदा केलेला मी बघितलाय. एकदा हरवलेला माणूस नंतर परतही आला होता, त्याचं नामकरणापासून सगळे संस्कार पुन्हा केले. लग्नाच्या आधी करून घ्या, पत्रिकेचा प्रश्न सुटतो आणि काकूही मोकळ्या होतील.

वखारीतली

गुरवांचा नातू, काकू मोकळ्या होतील की तुम्ही?

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत होती. आत्या सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला सोडलेली, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. कर्नाटकात ह्याविरुद्ध कायदा १९८२ चा. आत्याची माळ त्याच्या नंतरची, घराचं दार लावून घातलेली. पुढं ओळखीच्या एका बाईनं मुंबईला नेली. चार-पाच वर्षं मनीऑर्डर यायची, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. त्यावर माझ्या बापाची दोन दुभती जनावरं आली, माझी शाळा झाली. मग मनीऑर्डर बंद.

ती हरवली असं आमच्या घरात कुणी म्हटलंच नाही. ‘पैसे यायचे बंद झाले’ असं म्हणायचे. तक्रार कोण देणार? दिली असती तर पहिला प्रश्न आला असता, तिथं पाठवली कुणी? मोठी झाल्यावर मी मनीऑर्डरच्या पावतीवरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरनं तो भाग शोधला, दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी एक म्हातारी म्हणाली, बेळगावकडच्या लई होत्या बाई, आजारात गेल्या. नावं कुणाची लक्षात ठेवू?

तुमच्या आण्णांची निदान एक कन्नड ओळ तरी आहे, खोटी का असेना. माझ्या आत्याची कुठल्याच राज्यात एक ओळ नाही.

तर एवढंच विचारायला लिहिलं. इतके प्रतिसाद झाले, कायदा झाला, अर्जेंटिना झाली, पळसाचे देठ झाले. काकूंना कुणी विचारलंय का?

दूधगंगाकाठ (धागाकर्ता)

नाही विचारलं. चोवीस वर्षांत नाही. आम्हाला वाटायचं, विषय काढला तर तिला त्रास होईल. रात्री तिच्याजवळ बसलो, मोबाईलवर तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. वखारीतलींचा दोनदा वाचायला लावला.

मग ती बोलायला लागली. थांबेच ना. त्या आठवड्याला जाताना आण्णाच्या अंगात नवा शर्ट होता, बोरगावच्या टेलरकडं शिवलेला, आकाशी, बारीक चौकटीचा. शिलाईचे पैसे द्यायचे राहिले होते, पुढं तिनं कोंबडी विकून दिले. पँट काळी. डाव्या करंगळीचं नख नव्हतं, मागात सापडून गेलेलं. कॉलरला आत टेलरचं लेबल होतं ते मानेला टोचतं म्हणून काढून दे म्हणाला होता, आणि तिला वेळ झाला नव्हता. ‘ते लेबल राहिलं बघ,’ म्हणाली. इतक्या वर्षांनी तिला त्याची चुटपुट आहे.

तक्रारीच्या कागदात कपड्यांबद्दल दोन शब्द आहेत. पँट, शर्ट.

जुना_हवालदार

टेलरचं लेबल असेल तर पंचनाम्यात येणारच. आम्हाला शिकवायचेच, अनोळखी प्रेत असलं की आधी कॉलर उलटून बघ, मग कमरपट्टा, मग गोंदण. जा लवकर. माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्यावरच परत येईल. त्याआधी प्रत्यक्ष जाऊन चहा प्या, कधीकधी चहानं काम होतं.

कॅम्पातला

धागाकर्ते, माझा पहिला प्रतिसाद जरा घाईचा झाला. माझी गाडी आहे, शिरोळकडं जायचं असेल तर सांगा. सुट्टी काढतो.

दूधगंगाकाठ (धागाकर्ता), तीन आठवड्यांनी

कॅम्पातले आणि मी चार दिवस फिरलो. त्यांच्याशी सीमाप्रश्नावर वाद घालत फिरलो, तेही बरं झालं, रस्ता कळला नाही. नऊ ग्रामपंचायती झाल्या. दहाव्या गावी, कृष्णेकाठी, ग्रामसेवकानं २००१ चं रजिस्टर काढून दिलं. ओळ होती. अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३० ते ३५, पाण्यात बुडून. तारीख आण्णा निघाल्यापासून सहावा दिवस. म्हणजे आमची तक्रार घ्यायच्या अकरा दिवस आधीच ती ओळ लिहून झाली होती.

ठाण्यात कागद नव्हते. तहसीलच्या अभिलेख कक्षात फाइल मिळाली, हवालदारसाहेब म्हणाले तशीच, लाल फडक्यात बांधलेली. पंचनामा मराठीतच. तिसऱ्या पानावर एक ओळ आहे. अंगात निळसर रेघांचा शर्ट, कॉलरचे आत लेबल, त्यावर टेलरचं नाव आणि खाली ‘बोरगाव’.

मी तिथंच खाली बसलो.

आता पुढचं ऐका. त्यांनी काहीच केलं नाही असं नाही. फाइलीत बिनतारी संदेशाची नक्कल आहे. वाळवा तालुक्यातल्या बोरगावला विचारलंय, सातारा जिल्ह्यातल्या बोरगावला विचारलंय. दोन्हीकडनं उत्तर, ह्या नावाचा टेलर आमच्याकडं नाही. आमच्या बोरगावला विचारलेलं नाही. जवळचं बोरगाव आमचं, इचलकरंजीहून सायकलनं जायचं ते, आणि दूरची दोन सापडली. मुद्दाम नसणार. लिहिणाऱ्याला आठवलंच नसणार.

मयत चार दिवस ठेवून गावाच्या हद्दीत पुरलाय, जाळलेला नाही. करंगळीचं काही लिहिलेलं नाही. हात पाण्यानं खराब झाल्याचा उल्लेख आहे.

जुना_हवालदार

अनोळखी असला की पुरतात, नंतर उकरायची वेळ येऊ शकते म्हणून. तेवढं त्या अंमलदारानं बरोबर केलं. दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय उकरता येणार नाही आणि चोवीस वर्षांत जागा हलली नसेल अशी आशा करायची. पुराचा पट्टा आहे तो. २००५ ला पाणी, २०१९ ला पाणी.

तिसरं बोरगाव मलाही आठवलं नसतं, हे कबूल करतो.

मुक्काम_पोस्ट

सायप्रसची समिती १९८१ पासून आहे. दोन्हीकडचे मिळून २००२ माणसं बेपत्ता. ग्रीक आणि तुर्की तज्ज्ञ एकाच प्रयोगशाळेत बसून हाडं ओळखतात, हजारावर ओळख पटली. त्यांची अट अशी की कुणी मारलं, का मारलं हे ते बघणार नाहीत. त्या अटीवरच दोन्ही बाजू बसल्या. घरच्यांना हाडं मिळतात, बाकी काही मिळत नाही. काहींना तेवढं पुरतं, काहींना नाही.

तुम्हाला त्या संदेश लिहिणाऱ्याला शोधायचंय का? खोटं भांडण लिहिणाऱ्याला?

दूधगंगाकाठ (धागाकर्ता)

पहिल्याला नाही. दुसऱ्याला हो. काळा_कोट ताईंनी अर्जाचा मसुदा करून दिलाय, त्यात काकूचा जबाब नव्यानं नोंदवा अशी मागणी आहे, मराठीत, तिला वाचून दाखवून.

घरी आल्यावर काकूला पंचनामा वाचून दाखवला. तारीख ऐकली, बुडून ऐकलं, लेबल ऐकलं, काही बोलली नाही. शर्टाची ओळ आली तशी म्हणाली, ‘थांब. रेघांचा?’

परत वाचलं. निळसर रेघांचा.

‘चौकटीचा होता.’

म्हटलं, काकू, पाण्यात राहिलेला शर्ट, लिहिणाऱ्यानं घाईत रेघ म्हटलं असेल, चौकट म्हणजे आडव्या-उभ्या रेघाच की. ती म्हणाली, असेल. मग म्हणाली, त्या टेलरनं त्या वर्षी रेघांचे किती शिवले विचारून ये.

टेलर आहे अजून, दुकान मुलगा बघतो. वही ठेवायची त्याची सवय नव्हती. लेबलं मात्र एक डबाभर निघाली, पिवळ्या कापडावर लाल अक्षरं, एक मागून आणलं. काकूनं ते हातात घेतलं, नखानं कडेची शिवण उसवावी तसं करत बसली.

मुलीचा आणि वडिलांचा नमुना घ्यावा आणि जागा उकरायला परवानगी द्यावी म्हणून प्रांत कार्यालयात अर्ज दिलाय. पुढल्या सोमवारी बोलावलंय. कॅम्पातले येतायत.

पत्रिका छापून आल्या. श्री. नाही, कै. नाही, नुसतं नाव आहे. प्रेसवाला म्हणाला, मागं रिकामी जागा दिसते, सरकवून घेऊ का? काकू म्हणाली, राहूदे.